न संपणारी उमेदवारी

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाची संहिता)



मुंबईच्या गिरण्यांचे भोंगे वाजत होते त्या काळात 'बदली कामगार' म्हणजे काय हे गिरणगावात कोणाला समजावून सांगावे लागत नसे. पाळीच्या वेळी गिरणीच्या दाराशी उभे राहायचे. कायम कामगार गैरहजर असला तर आत जायचे, नसला तर घरी परतायचे. साचा तोच, काम तेच, कसबही तेच. परंतु कायम कामगारांच्या यादीत नाव नाही. अशा रीतीने वर्षामागून वर्षे काढलेली माणसे गिरणगावात चाळीचाळींतून होती. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख कामगारांचा जो संप सुरू झाला, त्याच्या मागण्यांत पगारवाढीच्या बरोबरीने बदली कामगारांना कायम करण्याची मागणीही होती.

आज ज्या वर्गाचा विचार करायचा आहे तो गिरणीत नव्हे, प्रयोगशाळेत काम करतो. त्याच्या नावाआधी 'डॉक्टर' लागते. समाज त्याच्याकडे आदराने पाहतो, आईवडील अभिमानाने त्याचे नाव घेतात. तरीही त्याच्या आयुष्याची घडी जवळून तपासली तर ती बदली कामगाराच्या घडीहून फारशी वेगळी दिसत नाही. पीएच.डी. झाल्यानंतर आणि कायम नोकरी मिळण्यापूर्वी, एक-दोन वर्षांच्या मुदतीच्या नेमणुकीवर, बहुधा दुसऱ्याच्या प्रकल्पात संशोधन करणाऱ्या या माणसाला 'पोस्टडॉक्टरल संशोधक' किंवा बोलण्यात नुसते 'पोस्टडॉक' म्हणतात.

एक उदाहरण डोळ्यांसमोर ठेवावे. ते कोणा एका व्यक्तीचे नाही. पण अशी व्यक्ती ज्याला भेटली नाही असा विद्यापीठातला माणूस विरळा. सोलापूर जिल्ह्यातल्या एका प्राथमिक शिक्षकाची मुलगी. २१व्या वर्षी बी.एस्सी., २३व्या वर्षी एम.एस्सी., मग 'नेट', मग पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत पीएच.डी. ती हाती येईतो २९वे वर्ष उलटले. नंतर दोन वर्षे देशात पोस्टडॉक, तीन वर्षे अमेरिकेत, आणि मग आणखी एक मुदत. पस्तिशी ओलांडली. धाकटा भाऊ बँकेत कारकून म्हणून लागला होता, तो आता अधिकारी झाला आहे. वडील निवृत्त झाले आहेत आणि फोनवर दर वेळी एकच प्रश्न विचारतात : "बाळ, तुझे शिक्षण संपले की नाही अजून?" या प्रश्नाला तिच्यापाशी उत्तर नाही, कारण ज्या संस्थेत ती दहा-दहा तास राबते, ती संस्थाही तिला 'प्रशिक्षणार्थी'च म्हणते.

ती शिकत आहे की काम करीत आहे? वरवर पाहता हा शब्दांचा वाद वाटेल. वस्तुतः तिचे वेतन, तिची रजा, तिचे म्हातारपण आणि तिच्या हातून होणारे विज्ञान, या सर्वांचा निर्णय या एका शब्दावर होतो.

सन्मानाची सोय कशी झाली

प्रारंभी ही व्यवस्था शोषणाची नव्हती हे मान्य केले पाहिजे. १८७६ मध्ये अमेरिकेत बाल्टिमोर येथे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ सुरू झाले तेव्हा निवडक तरुण विद्वानांना संशोधनासाठी अधिछात्रवृत्ती देण्याची प्रथा तेथे पडली. १९१९ मध्ये रॉकफेलर प्रतिष्ठानच्या पैशातून तेथील नॅशनल रिसर्च कौन्सिलने पदार्थविज्ञान व रसायन या विषयांत डॉक्टरेट झालेल्यांसाठी अधिछात्रवृत्त्या सुरू केल्या. लिनस पॉलिंग आणि रॉबर्ट ओपेनहायमर हे दोघेही या अधिछात्रवृत्तीचे मानकरी होते. माणसे मोजकी आणि मुदत थोडी. नोकरीच्या जोखडात मान अडकवण्यापूर्वी दोन वर्षे मोकळेपणाने विचार करावा, एवढाच तिचा हेतू होता.

आपल्या देशातील माणसांनाही ही वाट जुनीच आहे. हरगोविंद खोराना हे पंजाबातील एका खेड्यातल्या पटवाऱ्याचे, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत तलाठ्याचे चिरंजीव. सरकारी शिष्यवृत्तीवर ते लिव्हरपूलला गेले, १९४८ मध्ये पीएच.डी. झाले आणि झ्यूरिक येथे व्लादिमिर प्रेलॉग यांच्याकडे एक वर्ष पोस्टडॉक म्हणून राहिले. मायदेशी परतल्यावर मात्र त्यांना योग्य काम मिळाले नाही. ते केंब्रिजला गेले, तेथून १९५२ मध्ये कॅनडात व्हँकूव्हरला. १९६८ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले तेव्हा ते अमेरिकेचे नागरिक होते. भारताने त्यांचा सत्कार केला. नोकरी द्यायची तेव्हा ती दिली नव्हती.

१९५७ मध्ये सोव्हिएत रशियाने स्पुटनिक सोडला. त्यानंतर अमेरिकी सरकारने विज्ञानासाठी तिजोरी खुली केली. पण हा पैसा प्रामुख्याने पदांसाठी न येता प्रकल्पांसाठी आला, आणि येथेच गोष्ट फिरली. प्रकल्प तीन ते पाच वर्षांचा असतो, कायम पद तीस वर्षांचे. विद्यापीठाने कायम पद निर्माण केले तर वेतनाची जबाबदारी त्याच्या शिरावर येते. मुदतीचा माणूस नेमला तर ती जबाबदारी प्रकल्पाबरोबर संपते. प्रकल्पप्रमुखालाही अननुभवी विद्यार्थ्यापेक्षा शिकून तयार झालेला, रात्री-अपरात्री काम करणारा आणि पुढच्या शिफारसपत्रासाठी आपल्यावर अवलंबून असलेला माणूस अधिक उपयोगी पडतो. सन्मानाची सोय झाली ती अशी. १९६९ मध्ये नॅशनल रिसर्च कौन्सिलने या वर्गाची पाहणी प्रसिद्ध केली, तिचे शीर्षकच बोलके आहे : 'द इन्व्हिजिबल युनिव्हर्सिटी', म्हणजे अदृश्य विद्यापीठ. काम दिसत होते, काम करणारा दिसत नव्हता.

मनोऱ्याचा हिशेब

यामागचे अर्थशास्त्र अवघड नाही. एक प्राध्यापक तीस वर्षांच्या सेवेत दहा-पंधरा विद्यार्थ्यांना पीएच.डी.पर्यंत नेतो असे धरू. तो निवृत्त झाल्यावर जागा रिकामी होते ती एक. नव्या जागा त्याच वेगाने निर्माण होत नसतील तर उरलेल्यांनी कोठे जावे? पायथ्याशी रुंद आणि शिखराशी अरुंद अशा मनोऱ्यात मधल्या मजल्यावर गर्दी होते. त्या मधल्या मजल्याचे नाव पोस्टडॉक.

यावर सरकारने पैसा वाढवला की प्रश्न सुटेल, असे आपणांस सहज वाटते. अमेरिकेत तसा प्रयोग होऊन गेला आहे. वैद्यकीय संशोधनास पैसा पुरवणाऱ्या तेथील राष्ट्रीय आरोग्य संस्थेचे अंदाजपत्रक १९९८ ते २००३ या पाच वर्षांत जवळजवळ दुप्पट होऊन २७ अब्ज डॉलरच्या घरात गेले. नव्या प्रयोगशाळा बांधल्या गेल्या आणि त्यांत नवे विद्यार्थी व नवे पोस्टडॉक भरले गेले. २००३ नंतर पैशाची वाढ थांबली. परंतु भरती झालेली माणसे तेथेच होती आणि आता एकमेकांशी स्पर्धा करीत होती. १९८० च्या सुमारास पीएच.डी. झालेल्या संशोधकाला त्या संस्थेचे पहिले मोठे स्वतंत्र अनुदान सरासरीने ३६व्या वर्षी मिळत असे. पुढे ते वय ४२ च्या आसपास गेले. म्हणजे पैसा दुप्पट झाला आणि उमेदवारी लांबली! पदांची रचना न बदलता प्रकल्पांत पैसा ओतला की मनोऱ्याचा पायथाच रुंदावतो, हा त्याचा धडा.

कार्ल मार्क्सने बेकारांच्या ज्या राखीव फौजेचे वर्णन केले, ती कारखान्याच्या बाहेर उभी असते आणि तिच्या धाकाने आतल्यांची मजुरी दबून राहते. येथे राखीव फौज आतच काम करीत असते, आणि तिला तेथे धरून ठेवते ती उद्याची आशा. ॲडम स्मिथने १७७६ मध्ये वकिलीच्या व्यवसायाची तुलना सोडतीशी केली होती : ज्यांचा नंबर लागतो त्यांचे वैभव सर्वांना दिसते, ज्यांचा लागत नाही त्यांचा तोटा कोणी मोजत नाही. विज्ञानातही तेच घडते. प्रत्येकाला वाटते, आपला नंबर पुढच्या वर्षी लागेल, आणि त्या एका वर्षासाठी तो कमी वेतन पत्करतो.

यात भर पडते ती परदेशी माणसाच्या परावलंबित्वाची. अमेरिकेतील पोस्टडॉकांपैकी निम्म्याहून अधिक जण तात्पुरत्या व्हिसावर आहेत, आणि त्यांत भारतीय व चिनी मोठ्या संख्येने आहेत. नोकरी गेली की देशात राहण्याचा हक्कही जातो, अशा माणसाने प्रकल्पप्रमुखाला 'नाही' म्हणावे तरी कसे? सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी एच-१बी व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क जाहीर केले, तेव्हा या बांधलेपणाची किंमत सगळ्या जगाला आकड्यांत कळली.

'प्रशिक्षण' या शब्दाची करामत

२०१६ मध्ये अमेरिकेच्या कामगार खात्याने एक नियम केला : वर्षाला ४७,४७६ डॉलरपेक्षा कमी पगार असलेल्या नोकरदारास जादा कामाचा जादा पगार द्यावा लागेल. पोस्टडॉक आठवड्याला चाळीस तासांवर थांबत नाहीत हे सर्वांना ठाऊक होते. तेव्हा राष्ट्रीय आरोग्य संस्थेने त्यांची प्रारंभीची वृत्ती ४७,४८४ डॉलर केली, मर्यादेहून अवघे आठ डॉलर जास्त. त्याच वर्षी नोव्हेंबरात टेक्सासमधील न्यायालयाने तो नियम रोखला. पण केलेली वाढ संस्थेने मागे घेतली नाही. वर्षानुवर्षे 'पैसा नाही' म्हणणाऱ्यांना पैसा सापडला तो या माणसांची गणना कामगारांत होणार असे दिसले तेव्हा. ज्याला विद्यार्थी म्हटले त्याला वृत्ती पुरते, ज्याला कामगार म्हटले त्याला वेतन द्यावे लागते.

जर्मनीत हीच गोष्ट कायद्याच्या भाषेत आली. २००७ च्या कायद्याने विद्यापीठांना संशोधकांच्या मुदतीच्या नेमणुका करण्याची मुभा दिली : पीएच.डी.पूर्वी सहा वर्षे, नंतर सहा वर्षे. त्या अवधीत प्राध्यापकपद मिळाले नाही तर या सवलतीखाली पुढची नेमणूक नाही. चाळिशीच्या उंबरठ्यावर माणूस वाटेला लागतो. हा कायदा किती हितकारक आहे हे पटवण्यासाठी तेथील शिक्षण मंत्रालयाने 'हाना' नावाच्या काल्पनिक संशोधिकेची एक चित्रफीत काढली होती. एकाच पिढीने सर्व जागा अडवून धरू नयेत, असा तिचा आशय होता. जून २०२१ मध्ये ती चित्रफीत संशोधकांच्या नजरेस आली, आणि हजारोंनी 'हाना म्हणजे मीच' असे म्हणत स्वतःच्या कंत्राटांची कहाणी जाहीरपणे मांडली. जर्मन विद्यापीठांतील प्राध्यापक वगळता ४५ वर्षांखालील वैज्ञानिक कर्मचाऱ्यांपैकी दहांतील नऊजण मुदतीवर आहेत. जी वस्तुस्थिती दहांतील नऊजणांची आहे तिला 'प्रशिक्षणाचा तात्पुरता टप्पा' म्हणणे ही भाषेची क्रूर थट्टा होय.

आपल्या घरातले

परदेशातील दोष दाखवणे सोपे असते. आपल्याकडे काय आहे? परत येणाऱ्या शास्त्रज्ञांना नोकरी मिळेपर्यंत आधार असावा म्हणून १९५८ मध्ये सरकारने 'सायंटिस्ट्स पूल' योजना सुरू केली. खोरानांसारख्यांच्या बाबतीत घडले ते पुन्हा घडू नये, असाच तिचा अर्थ होता. परंतु पूल म्हणजे शेवटी प्रतीक्षालयच. गाडीच नसेल तर प्रतीक्षालय कितीही चांगले बांधून काय उपयोग?

आजचे आकडे पाहू. केंद्र सरकारने १ जानेवारी २०२३ पासून लागू केलेल्या दरांनुसार प्रकल्पावरील 'रिसर्च असोसिएट'ला दरमहा ५८,००० रुपये आणि वर घरभाडे मिळते; वरच्या दोन पायऱ्यांना ६१,००० आणि ६७,००० रुपये. सातव्या वेतन आयोगानुसार सहायक प्राध्यापकाचे प्रारंभीचे मूळ वेतन ५७,७०० रुपये आहे. आकडे शेजारी ठेवले तर दोघे समान भासतात. पण प्राध्यापकाच्या मूळ वेतनावर महागाई भत्ता चढतो, दरवर्षी वाढ मिळते, निवृत्तीची तरतूद होते. संशोधकाचा आकडा मात्र नवा आदेश निघेपर्यंत जागचा हलत नाही. असे आदेश निघाले ते २०१४, २०१९ आणि २०२३ मध्ये. २०१९ च्या आदेशाआधी देशभरच्या संशोधकांना दिल्लीत रस्त्यावर उतरावे लागले होते. मधल्या चार-चार वर्षांत महागाईने जे खाल्ले ते खाल्लेच.

आणि या सर्वांच्या पुढे असलेली वाट अधिकच अरुंद आहे. देश आपल्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या अवघा ०.६४ टक्के एवढा भाग संशोधन व विकासावर खर्च करतो, असा २०२०-२१ चा हिशेब आहे. महाराष्ट्रात महाविद्यालयांतील प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षे रिकाम्या राहिल्या आणि त्यांवर तासिका तत्त्वावरचे शिक्षक नेमले गेले. परदेशात पोस्टडॉक करून आलेला तरुण जिल्ह्याच्या गावी तासाच्या हिशेबाने शिकवतो, तेव्हा बदली कामगाराचे वर्तुळ पूर्ण होते.

थांबणे कोणाला परवडते?

ही व्यवस्था सर्वांशी सारखीच वागते, असे म्हणता येणार नाही. चाळिशीपर्यंत थांबणे कोणाला परवडते, हा तिचा खरा निकष आहे. ज्याच्या घरी स्वतःचे छप्पर आहे, वडिलांचे निवृत्तिवेतन आहे, जोडीदाराची कायम नोकरी आहे, तो थांबू शकतो. ज्याला दरमहा गावी पैसे पाठवायचे आहेत, बहिणीचे लग्न आणि शेतीचे कर्ज ज्याच्या डोक्यावर आहे, तो बुद्धी कमी म्हणून बाहेर पडत नाही, पैसा कमी म्हणून पडतो. नंतर मात्र 'गुणवत्तेच्या स्पर्धेत मागे पडला' अशी त्याची नोंद होते.

स्त्रियांच्या बाबतीत तर काळच वैरी होतो. पोस्टडॉकची वर्षे आणि मूल होण्याची वर्षे एकच. नवरा एका शहरात, बायको दुसऱ्या देशात, आणि दोघांची कंत्राटे वेगवेगळ्या महिन्यांत संपणारी, अशा संसारात माघार कोणी घ्यायची हे बहुधा आधीच ठरलेले असते. जातीचा प्रश्नही येथे निराळ्या वाटेने येतो. कायम पदांवर बिंदुनामावलीचा काहीतरी अंकुश असतो. प्रकल्पातील नेमणुकीत बहुतांशी प्रकल्पप्रमुखाची पसंती चालते. ओळखीचा विद्यार्थी, ओळखीची संस्था, ओळखीचे शिफारसपत्र! ज्याच्या आधीच्या पिढीत विद्यापीठाची पायरी कोणी चढले नाही त्याच्यापाशी ही ओळख कोठून येणार?

यशाच्या कथांचा अर्थ

या ठिकाणी काही जण कातालिन कारिको यांचे उदाहरण देतात. हंगेरीतील एका खाटकाची ही मुलगी. १९८५ मध्ये सेगेद येथील संस्थेतील पैसा संपला तेव्हा पती व लहान मुलीसह ती फिलाडेल्फियाच्या टेंपल विद्यापीठात पोस्टडॉक म्हणून गेली. देशाबाहेर पैसा नेण्यास बंदी असल्याने मोटार विकून आलेले सुमारे ९०० पौंड मुलीच्या खेळण्यातल्या अस्वलात शिवून नेले. पुढे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात तिच्या विषयाला अनुदान मिळेना, आणि १९९५ मध्ये तिला खालच्या पदावर आणण्यात आले. तरीही तिने तो विषय सोडला नाही. २००५ मध्ये ड्रू वाइसमन यांच्यासह तिने जो शोध प्रसिद्ध केला, त्यातून कोरोनावरील लशींचा मार्ग खुला झाला आणि २०२३ चे नोबेल दोघांना मिळाले. व्यंकटरामन रामकृष्णन यांनीही येल येथील पोस्टडॉकनंतर अमेरिकेत सुमारे पन्नास ठिकाणी अध्यापकपदासाठी अर्ज केले होते आणि एकही जागा मिळाली नव्हती. २००९ मध्ये तेही नोबेलचे मानकरी झाले.

या कथा प्रेरक आहेत यात शंका नाही. पण त्यांतून 'हालअपेष्टांतूनच प्रतिभा घडते' हा निष्कर्ष काढणे म्हणजे पुरातून एक माणूस पोहून आला म्हणून पूर उपकारक ठरवण्यासारखे आहे. या दोन उदाहरणांवरून सिद्ध होते ते इतकेच, की ही व्यवस्था उत्तम माणसालाही ओळखू शकत नाही. जे टिकले नाहीत त्यांच्याबरोबर कोणते शोध बुडाले, याची नोंद कोणत्याही अहवालात सापडणार नाही. ज्याचे कंत्राट पुढच्या मार्चमध्ये संपणार आहे तो दहा वर्षे लागणारा प्रश्न हाती घेत नाही. तो आठ महिन्यांत निबंध छापून येईल असा प्रश्न निवडतो. असुरक्षिततेची ही किंमत अखेर समाजच मोजतो.

एका आक्षेपाचा विचार

या विवेचनावर एक प्रामाणिक आक्षेप घेतला जातो. सर्वांना कायम केले तर विज्ञान साचेल. नव्या माणसांना वाव राहणार नाही. फिरते राहण्यानेच कल्पना पसरतात. या आक्षेपात तथ्य आहे. दोन-तीन वर्षे दुसऱ्या देशात, दुसऱ्या पद्धतीच्या प्रयोगशाळेत काढण्याने दृष्टी विस्तारते, आणि कायम झाल्यावर हातपाय गाळून बसलेले प्राध्यापकही आपण पाहिले आहेत. परंतु फिरण्याचे स्वातंत्र्य आणि फिरण्याची सक्ती यांत फरक आहे. परतीचे तिकीट ज्याच्या खिशात असते तो प्रवासी. ज्याच्या खिशात नसते तो निर्वासित.

दुसरी रचना शक्यच नाही असेही नाही. फ्रान्समध्ये समाजवादी सरकारच्या काळात १९८२ मध्ये संशोधनविषयक कायदा झाला आणि त्यानंतर सीएनआरएस या राष्ट्रीय संशोधन केंद्रातील संशोधकांना नागरी सेवकाचा दर्जा मिळाला. स्पर्धेतून तुलनेने तरुण वयात निवड आणि मग स्थैर्य, असा तो विचार. त्या स्थैर्यामुळे फ्रेंच विज्ञान साचले असे कोणी म्हणू शकणार नाही. हेही खरे, की २००५ मध्ये प्रकल्पांना पैसा देणारी स्वतंत्र यंत्रणा तेथे आल्यावर मुदतीच्या नेमणुका फ्रान्सातही वाढल्या. मिळवलेली गोष्ट राखण्यासाठीही जागे राहावे लागते.

संघटना आणि तिची मर्यादा

या वर्गाने हातपाय हलवले नाहीत असे नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठातील पोस्टडॉकांनी संघटना केली ती युनायटेड ऑटो वर्कर्स या मोटार कामगारांच्या युनियनच्या छत्राखाली. २०१० मध्ये त्यांचा पहिला करार झाला. १४ नोव्हेंबर २०२२ रोजी त्याच विद्यापीठातील सुमारे ४८,००० शैक्षणिक कामगार संपावर गेले. त्यांत पोस्टडॉक व अन्य संशोधक मिळून सुमारे १२,००० होते. संपाअखेर पोस्टडॉकांच्या पगारात एक-पंचमांशाहून कमी नाही इतकी वाढ झाली आणि बाळंतपणाची भरपगारी रजा व पाळणाघराचा खर्च यांबाबतही तरतूद झाली. डिसेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या स्वतःच्या प्रयोगशाळांतील अधिछात्रांनी युनियनच्या बाजूने कौल दिला. त्याच महिन्यात संस्थेच्या सल्लागार समितीने किमान ७०,००० डॉलर वेतनाची शिफारस केली. २०२४ मध्ये प्रारंभीची वृत्ती ६१,००८ डॉलर ठरली. ज्यांना शिकाऊ म्हणून हिणवले, ते मोटार कामगाराच्या खांद्याला खांदा लावून उभे राहिले तेव्हा हे घडले, ही गोष्ट आपण विसरू नये.

तथापि संघटनेची मर्यादाही सांगितली पाहिजे. कराराने पगार वाढतो, कायम जागा वाढत नाहीत. प्रकल्पाचा पैसा तेवढाच राहिला तर महाग झालेले पोस्टडॉक कमी नेमले जातात. आणि २०२५ मध्ये अमेरिकी सरकारने संशोधनाची अनुदाने मोठ्या प्रमाणावर रद्द केली, तेव्हा अनेक विद्यापीठांनी भरतीच थांबवली. म्हणून वेतनाचा लढा आणि पदांचा लढा हे दोन्ही एकत्रच लढावे लागतात.

त्या मुलीने काय करावे?

व्यवस्था बदलेपर्यंत सोलापूरच्या त्या मुलीला काय सांगायचे? क्रांतीची वाट पाहा, असे तिला सांगणे निष्ठुरपणाचे होईल. तिला काही गोष्टी नेमकेपणाने सांगता येतात. जागा स्वीकारण्यापूर्वी पैसा कोणत्या प्रकल्पातून येतो आणि किती महिन्यांचा शिल्लक आहे, हे लेखी विचारावे. त्या प्रयोगशाळेतून गेल्या दहा वर्षांत बाहेर पडलेले लोक आज कोठे आहेत याची चौकशी करावी. त्यांच्याशी बोलावे, नुसत्या प्रमुखाशी नव्हे. जाताना आपला विषय बरोबर नेता येईल की नाही आणि निबंधावर नाव कोणत्या क्रमाने येईल, हे काम सुरू होण्यापूर्वीच ठरवावे. भांडण झाल्यावर नव्हे. शिफारसपत्रासाठी एकाच माणसावर विसंबू नये. थांबण्याची एक तारीख स्वतःशी ठरवावी आणि ती घरच्यांना सांगावी. त्या तारखेला शाळा, उद्योग, पत्रकारिता किंवा सरकारी सेवा यांपैकी कोठेही जावे लागले तर तो पराभव मानू नये. ज्या मनोऱ्यात जागाच नाही त्यातून उतरणारा माणूस नापास झालेला नसतो. आणि जेथे असेल तेथे संशोधकांची संघटना असेल तर तिचे सभासद व्हावे. नसेल तर चार जणांनी मिळून ती उभी करावी. एकट्याने मागितले तर ती विनवणी ठरते, चौघांनी मागितले तर मागणी.

परंतु हा सर्व सल्ला ऐकूनही प्रत्येकाला जागा मिळणार नाही, कारण जागा मोजक्याच आहेत. वैयक्तिक चातुर्याने रांगेतला क्रम बदलतो, रांग कमी होत नाही. रांग कमी करणे हे आपले, म्हणजे चळवळीचे काम आहे.

त्यासाठी मागण्या अवास्तव नाहीत. पीएच.डी. झालेल्या संशोधकास विद्यार्थी न म्हणता कर्मचारी म्हणावे. त्याचे वेतन महागाई निर्देशांकाशी जोडावे, म्हणजे दर चार वर्षांनी रस्त्यावर यावे लागणार नाही. नेमणूक किमान तीन वर्षांची असावी, आणि भविष्यनिर्वाह निधी व बाळंतपणाची रजा तीत अंतर्भूत असावी. तक्रार ऐकणारी समिती प्रकल्पप्रमुखाच्या हाताबाहेरची असावी. प्राध्यापक न होताही आयुष्यभर संशोधन करता येईल अशी कायम संशोधकांची श्रेणी विद्यापीठांत निर्माण करावी. आणि सर्वांत आधी, मंजूर असलेल्या रिकाम्या जागा भराव्यात. नव्या योजनेला नवे नाव देण्यापेक्षा जुन्या जागेवर माणूस नेमणे हे अधिक कठीण आणि अधिक आवश्यक आहे.

आपल्या कार्यकर्त्यांच्या मनात एक अढी असते. ती दूर झाली पाहिजे. साखर कारखान्यातला हंगामी कामगार आपला, अंगणवाडी सेविका आपली. पण परदेशी जाऊन आलेला डॉक्टरेटवाला आपला कसा, असे आपणांस वाटते. त्यालाही आपण कामगार आहोत असे वाटत नाही, हा प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग. दोन्ही बाजूंची ही अढी मालकाच्याच पथ्यावर पडते. हंगामी, बदली, तासिका आणि पोस्टडॉक ही एकाच रोगाची चार नावे आहेत : कामाची गरज कायमची आणि काम करणारा तात्पुरता.

सोलापूरचे ते गुरुजी आजही फोनवर विचारतील : "बाळ, तुझे शिक्षण संपले की नाही?" त्यांना खरे उत्तर मिळाले पाहिजे. गुरुजी, तिचे शिक्षण केव्हाच संपले. गेली सात वर्षे ती काम करीत आहे. त्या कामाला काम म्हणण्याचे तेवढे राहिले आहे.